भैय्या चौक ते शिजियाझुआंग : डॉ. कोटणीसांच्या आयुष्यातले सात थांबे

मुंबईला पाहुणे आले की त्यांना गेटवे दाखवायचा, मरीन ड्राइव्हवर फिरवायचं आणि मग वांद्र्याला ‘मन्नत’समोर उभं करून फोटो काढायचा, हे ठरलेलंच. सिनेमातल्या लोकांची घरं बाहेरून दाखवणाऱ्या टुरिस्ट गाड्याही शहरात फिरतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसला तर हा कित्येक वर्षांचा धंदा आहे. गाईड माइकवरून माहिती सांगतो, बस जरा हळू होते, सगळे मोबाइल वर करतात आणि बस पुढे निघते.

सोलापुरातही असं एक घर आहे. ते कुणा सिनेनटाचं नाही, पण त्याच्या मालकावर सिनेमे निघाले, पोस्टाची तिकिटं निघाली. चीनचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान भारतात आले की या कुटुंबातल्या माणसांना आवर्जून भेटत आले. हे घर आहे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचं.

त्यांच्या आयुष्यावर बसची सहल काढायची ठरवली तर तिचे सात थांबे होतील. प्रत्येक थांब्यावर गाईडला पुतळा, पाटी किंवा इमारत दाखवता येईल. मात्र एक गोष्ट कुठल्याच पाटीवर मावणार नाही. या प्रवासात डॉक्टरांना परत फिरण्यासाठी अनेकदा चांगलं, कुणालाही पटेल असं कारण मिळालं होतं. ते एकदाही परत फिरले नाहीत.

थांबा पहिला : भैय्या चौक, सोलापूर

१० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथांचा जन्म सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय आणि माणसांनी भरलेलं होतं. भाऊ-बहिणी बरेच, त्यामुळे शिकून लवकर कमावतं होणं ही मुलांकडून साधी अपेक्षा होती.

तेव्हाचं सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. भोंग्यावर चालणारं आणि राजकारणात तापलेलं. १९३० साली गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर असं पेटलं की इंग्रजांना इथे मार्शल लॉ पुकारावा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. शहरातल्या हुतात्मा पुतळ्यांमुळे ही चार नावं आजही प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक असतात. तेव्हा द्वारकानाथ विशीत होते. ज्या गावाने हे सगळं पाहिलं, त्या गावचा हा मुलगा होता.

थांबा दुसरा : परळ आणि मुंबई बंदर

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला आले. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून, म्हणजे केईएम रुग्णालयाच्या कॉलेजमधून, ते डॉक्टर झाले. पुढच्या पदव्युत्तर परीक्षेची तयारी सुरू होती. रस्ता सरळ होता. मोठी पदवी घ्यायची, दवाखाना टाकायचा आणि घराला हातभार लावायचा.

तेवढ्यात चीनकडून मदतीची हाक आली. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं होतं. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांच्या पुढाकाराने जुलै महिन्यात देशभर चीनसाठी निधी गोळा झाला. २२,००० रुपये जमले, एक रुग्णवाहिका सज्ज झाली आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे बाकीचे चौघे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. सरकार इंग्रजांचं होतं, पण हे पथक भारतीय लोकांनी स्वतःच्या खिशातून पाठवलं होतं. गुलाम देशातली जनता आक्रमण झालेल्या दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवत होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघालं. बोटीवर कोटणीस चिनी शब्द वहीत उतरवून पाठ करत होते. ही शब्दांची वही पुढे चीनमधल्या संग्रहालयात ठेवली गेली. काही आठवड्यांसाठी मदतीला जाणारा माणूस दुभाष्यावर भागवून नेतो. कोटणीसांनी पहिल्या दिवसापासून भाषेशी झटापट सुरू केली.

थांबा तिसरा : चोंगचिंग

बोट सप्टेंबरच्या मध्यात ग्वांगझोला पोचली. तिथून पथक हानकोला गेलं. पण जपानी फौजा पुढे सरकत होत्या, त्यामुळे डॉक्टरांनाही मागे सरकावं लागलं. अखेर ते चोंगचिंगला आले. युद्धकाळात चीनच्या सरकारचं ठाणं तिथेच होतं.

पाचही डॉक्टरांनी चिनी नावं घेतली ती याच काळात. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ जोडलं गेलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात. तिथे द्वारकानाथ म्हटलं तर कदाचित कुणाच्या लक्षात येणार नाही, के दिहुआ म्हटलं की ओळख पटते.

येनानकडे निघण्याआधी त्यांना घरून वडील गेल्याची बातमी मिळाली. परत येण्याचं याहून मोठं कारण कुठलं असणार? घरी आई होती, भावंडं होती, जबाबदारी होती. त्या वेळी ते सोलापूरला परतले असते तर कुणीही त्यांना नाव ठेवलं नसतं. ते सहकाऱ्यांबरोबर उत्तरेला गेले.

थांबा चौथा : येनान

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये इथे लोक राहत होते. कम्युनिस्टांचं मुख्यालय आणि दवाखानेही गुहांमध्येच होते. जपानशी लढण्यासाठी चीनच्या राष्ट्रवादी सरकारने आणि कम्युनिस्टांनी तेव्हा हातमिळवणी केली होती. चू ते यांची आठवी सेना याच आघाडीवर लढत होती.

पथक इथूनच पांगायला लागलं. चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. अटल, बसू आणि कोटणीस वर्षाच्या अखेरीस आघाडीकडे निघाले. पुढे तब्येतीमुळे अटल यांनाही परतावं लागलं. ज्यांनी परतीची वाट धरली त्यांनीही मोठंच काम केलं होतं, यात शंका नाही. बसू काही काळ कोटणीसांबरोबर राहिले आणि नंतर त्यांना येनानला बोलावून घेतलं गेलं. आघाडीमागच्या डोंगराळ भागात आता पाचांपैकी एकटे कोटणीस उरले.

थांबा पाचवा : गेगोंग गाव, हबेई प्रांत

या सहलीत बस सर्वांत जास्त वेळ जिथे थांबवावी असं ठिकाण म्हणजे हबेई प्रांतातल्या तांग परगण्यातलं गेगोंग हे खेडं.

या भागात त्यांच्याआधी कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचं वय होतं ३०.

रुग्णालय म्हणजे मोठी इमारत, खाटांच्या रांगा, ऑपरेशन थिएटर असं चित्र डोळ्यांसमोर आणायचं कारण नाही. औषधं नेहमीच अपुरी होती आणि शत्रू केव्हा येईल याचा नेम नव्हता. १९४० मधल्या एका लांबलेल्या लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तासांपर्यंत शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले.

पण त्यांचं दुसरं काम तितकंच मोलाचं होतं आणि ते सिनेमात फारसं दिसत नाही. ते शिकवत होते, आणि तेही चिनी भाषेत. एक डॉक्टर दिवसाला किती ऑपरेशनं करणार याला मर्यादा असते. त्याने तयार केलेले वीस-पंचवीस विद्यार्थी वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर गेले की हिशोबच बदलतो. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि दुसरं लिहायला घेतलं. बोटीवर सुरू झालेली शब्दांची वही इथवर येऊन पोचली होती.

याच परिसरात त्यांची भेट क्वो छिंगलान यांच्याशी झाली. त्या परिचारिकांना शिकवत असत. बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देशांची नावं जोडून केलेलं हे नाव सुचवलं होतं त्या भागातले सेनापती न्ये रोंगझेन यांनी. त्याच वर्षी कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले.

कामाचा ताण शरीराला झेपत नव्हता. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी आघाडीपासून दूर जावं, असं त्यांना सुचवण्यात आलं. परत फिरण्याचं हे शेवटचं कारण होतं, आणि डॉक्टर असल्यामुळे त्यातला धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत होता. ते राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे झटक्यांनीच त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता आणि दुसरं पाठ्यपुस्तक अर्धवट राहिलं होतं.

थांबा सहावा : पुन्हा परळ

डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. कोटणीसांची सगळी हकिगत त्यांच्याबरोबर आली. तिच्यावरून ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली, पत्नीची जयश्री यांनी, संगीत वसंत देसाई यांचं. शांताराम यांचा राजकमल स्टुडिओ परळचा. ज्या भागात कोटणीस डॉक्टर झाले, तिथूनच त्यांची कथा देशभर गेली.

सिनेमाने कोटणीस हे नाव घराघरांत पोचवलं, पण तो सिनेमा होता. त्यात गाणी आहेत, नाट्य आहे. पडद्यावरची पत्नी गाजत होती तेव्हा खरी क्वो छिंगलान चीनमध्ये जेमतेम तिशीत, लहान मुलाला वाढवत होती. तो मुलगा पुढे वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला निघाला आणि वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच १९६७ साली २४ व्या वर्षी वारला. अमर कहाणीतला हा भाग फारसा कुणी सांगत नाही.

थांबा सातवा : शिजियाझुआंग

हबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंग. इथल्या हुतात्मा स्मारक उद्यानात कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे, आणि त्याच उद्यानात बेथून यांचीही समाधी आहे. पूर्वजांच्या स्मरणाचा छिंगमिंग हा चिनी दिवस एप्रिलच्या सुरुवातीला येतो, तेव्हा लोक इथे फुलं वाहतात. याच शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. चीनने १९८२ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि टपाल तिकीटही काढलं. भारताचं तिकीट आलं १९९३ साली.

मधल्या काळात १९६२ चं युद्ध होऊन गेलं होतं. दोन्ही देशांच्या संबंधांत पुढेही अनेकदा कडवटपणा आला. तरी कोटणीसांच्या नावावर कधी भांडण झालं नाही. म्हणूनच राजकीय पाहुण्यांना ते नाव सोयीचं पडतं. हू जिंताओ २००६ साली मुंबईत कोटणीस कुटुंबाला भेटले, ली खछियांग २०१३ मध्ये भेटले, शी जिनपिंग २०१४ मध्ये दिल्लीत त्यांच्या बहिणीला भेटले. क्वो छिंगलान याही भारतात येऊन गेल्या. २०१२ साली त्यांचं निधन झालं.

अशा भेटींमध्ये एक धोका असतो. माणूस हळूहळू मैत्रीचं चिन्ह होऊन बसतो. चिन्हाला झोप येत नाही, घरची आठवण येत नाही, वडिलांच्या मृत्यूची बातमी कळत नाही. कोटणीसांना हे सगळं होतं. ते असूनही ते राहिले, म्हणून ते मोठे.

सोलापूरचं घर आज

भैय्या चौकातल्या त्यांच्या जन्मघराचं स्मारक झालं आहे. २०१२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. डॉक्टरांच्या आयुष्याची ओळख करून देणारी छायाचित्रं तिथे पाहायला मिळतात. चिनी पाहुणे भारतात आले की वाट वाकडी करून सोलापूरला येतात, ते या घरासाठी. इतर सोलापूर पाहायला येणाऱ्यांच्या यादीत सिद्धेश्वर मंदिर असतं, भुईकोट किल्ला असतं, परतताना घ्यायची चादर असते. स्टेशनपासून फार लांब नसलेलं हे घर त्या यादीत सहज बसू शकतं.

फिल्मी सहलीत बंगल्याच्या फाटकाबाहेर उभं राहावं लागतं, कारण आत राहणारा माणूस आत आलेला चालत नाही. इथे दार उघडं असतं. ज्याचं घर आहे तो १ सप्टेंबर १९३८ ला बोटीत बसला, तो परत आलाच नाही.