बुद्धी एकाकी पडते तेव्हा

मेढ्यावरून वाहत येणारी वेण्णा माहुलीला कृष्णेस मिळते. त्या संगमावर पिढ्यान्‌पिढ्या श्राद्धे आणि अस्थिविसर्जने होत आली आहेत. तीच कृष्णा पुढे कराडजवळच्या टेंभू गावाशी पोचते. या पावन मानलेल्या नदीच्या काठी 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले आणि महाराष्ट्रात बुद्धिप्रामाण्याचा सर्वांत निर्भीड पुरस्कार त्यांनीच केला.

विद्येसाठी त्यांनी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केली. एम. ए. झाल्यावर सरकारी नोकरीचा मोह टाळून ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. 1881 मध्ये ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, पुढल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. मतभेद विकोपाला गेल्यावर 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर पोसलेल्या या लेखकाने देवकल्पनेचे मूळ मानवाच्या अज्ञानात आणि भयात शोधले. ज्ञानाचा प्रकाश पसरला की हे भय ओसरेल, अशी त्यांची धारणा होती.

प्रत्यक्षात काय घडले? विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यातच त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. तेव्हा केवळ अज्ञान हे या विरोधाचे कारण नव्हे. संमतिवयाच्या वादात ते अधिक स्पष्ट झाले. कलकत्त्यातील फुलमणी या बालवधूच्या मृत्यूनंतर वैद्यकीय पुरावा ढळढळीत समोर होता; तरीही संमतिवय 10 वरून 12 वर्षे करणाऱ्या 1891 च्या कायद्याविरुद्ध गर्भाधानाचे शास्त्र उभे केले गेले. पुराव्याचे खंडन कोणी फारसे केलेच नाही. तो परक्या सरकारच्या हातून आला होता आणि तो स्वीकारणे म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणे, हीच खरी अडचण होती.

माणूस श्रद्धा सोडताना तिची किंमत मोजतो, ती अशी. आजारपणात धावून येणारा शेजारी, मुलीच्या लग्नाला उभे राहणारे भाऊबंद, मरणानंतरचे चार खांदे, हे सारे त्याला श्रद्धेच्या समाजाकडूनच मिळते. विज्ञान सत्य देते, पण खांदा देत नाही. आगरकरांना हे कळत नव्हते असे नाही. दम्याने जर्जर झालेल्या या फर्ग्युसनच्या प्राचार्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. 17 जून 1895 रोजी ते गेले, तेव्हा वयाची 39 वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांचा युक्तिवाद आजही अभेद्य आहे. त्याला जोड हवी ती अडीअडचणीत हाकेला धावणाऱ्या संस्थांची. गावात दवाखाना उघडा असेल, पीक बुडाल्यावर आधार मिळत असेल, तर नवसाची निकड आपोआप कमी होते. पुरावा पुढे करणाऱ्यांनी आधी त्या माणसाच्या दुःखात वाटेकरी झाले पाहिजे. एरवी तो पुरावा ऐकेल आणि पुन्हा देवळाचीच वाट धरील.