न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि आपली इंग्रजी

आपल्या नांदेड-लातूरकडील घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलाला इंग्रजी यावी म्हणून त्याची उर्दू किंवा मराठी शाळा सोडवावी काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या एका थोर पुरुषाच्या चरित्रात सापडते. ते चरित्र आपण थोडक्यात पाहू या.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा पंथाचे. वडील तय्यब अली हे व्यापारी. इंग्रजी शिकला की मुलगा धर्माला मुकतो, अशी भीती त्या काळी मुस्लिम समाजात घरोघर होती. तय्यब अलींनी ती बाजूस सारली आणि मुलांना शिक्षणासाठी युरोपात पाठविले. परंतु याच घराण्याने आपली घरची बोली गुजराती बदलून उर्दू केली आणि कुटुंबाच्या रोजनिशीच्या वह्याही उर्दूत लिहिल्या, हे ध्यानात घ्यावे. इंग्रजी घरात आली म्हणून उर्दू घराबाहेर गेली नाही.

बद्रुद्दीन प्रथम मदरशात उर्दू व फारसी शिकले आणि मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते विलायतेस रवाना झाले. तेथे शाळा, पुढे लंडन विद्यापीठ आणि मिडल टेंपल येथे त्यांचे शिक्षण चालले. १८६४ च्या अखेरीस दृष्टी अधू झाल्याने त्यांना मायदेशी परतावे लागले. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. ते वर्षभराने पुन्हा गेले, एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबईच्या वकिलीत पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले.

आता आपल्या वर्गाकडे वळू या. उर्दू आणि फारसीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, मराठीतही तसेच. आपण म्हणतो, मी शाळेत जातो. इंग्रजीत कर्त्यामागून लगेच क्रियापद येते: आय गो टू स्कूल. हा क्रम एकदा मनात बसला की निम्मे व्याकरण सोपे होते. मराठीत ‘तू’ आला की जातो चे जातोस होते. इंग्रजीत तो स ‘यू’ ला न लागता ‘ही’ आणि ‘शी’ ला लागतो, म्हणून ‘ही गोज’. मुलाला मराठीचा नियम दाखवून इंग्रजीचा सांगितला तर तो विसरत नाही.

उच्चारांचेही तसेच आहे. उर्दू बोलणारा मुलगा स्कूलला इस्कूल आणि स्टेशनला इस्टेशन म्हणतो. त्याला हसू नये. आधी नुसता ‘स्स्स’ लांबवून मग ‘कूल’ जोडावयास सांगावे, चार दिवसांत जीभ वळते. उलट ‘फॅन’ मधील फ आणि ‘झू’ मधील झ त्याच्या तोंडी उर्दूमुळे आयताच असतो. मराठी मुलास ‘व’ आणि ‘व्ह’ वेगळे लिहिण्याची सवय असते, ती ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतील भेद समजावताना उपयोगी पडते. इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात दुसरे, ‘नाइफ’ मधील पहिले अक्षर बोलतच नाहीत, अशी तक्रार मुले करतात. पण उर्दूत ‘ख्वाब’ लिहिताना वाव लिहितात आणि उच्चार मात्र ‘खाब’ करतात, हे त्यांना ठाऊकच असते. मातृभाषा ही अशी इंग्रजीच्या वाटेवरची शिदोरी आहे.

बद्रुद्दीन यांनी ही शिदोरी समाजालाही दिली. १८७४ मध्ये बंधू कमरुद्दीन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. मुलींच्या शिक्षणाचाही त्यांनी आग्रह धरला आणि आपल्या मुलींना शिकविले. १८८७ मध्ये मद्रास येथे ते काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष झाले. १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले मुस्लिम न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर केला तो त्यांनीच. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्तिपद भूषविले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभार उर्दूत चाले. आपल्या आजोबांच्या पिढीला इंग्रजी शिकविणारे थोडेच भेटले. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. आता मुलाला ती उशिरा मिळते असे म्हणण्यास जागा नाही. शाळा बदलण्याची घाई करण्याआधी, पालकांनी रोज अर्धा तास मुलाकडून इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ घरच्या भाषेत सांगावयास लावावा. आपणास इंग्रजी येत नसली तरी अर्थ जुळतो की नाही हे आपणास कळते. तेवढी देखरेख पुष्कळ आहे.