फादर सांतापाव

एखाद्या झाडाचें शास्त्रीय नांव ठरविण्यास किती परिश्रम पडतात, याची आम्हां विद्यार्थ्यांस सहसा कल्पना नसते. ती यावी म्हणून फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १९०३ सालीं स्पेन देशांत झाला. येशूसंघांत दाखल होऊन ते आपल्या देशांत आले. पुढें लंडन येथें वनस्पतिशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन १९४० सालीं ते मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत अध्यापक झाले. तेथील फादर ब्लॅटर १९३४ सालींच निवर्तले होते. त्यांच्या संग्रहांतील वाळविलेल्या वनस्पति सांतापाव यांनीं नीट लावल्या व त्या संग्रहास ब्लॅटर यांचेंच नांव दिलें. डोंगरदऱ्या पायांखालीं घालून त्यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. १९६१ ते १९६७ पर्यंत ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याचे संचालक होते. १९६७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली; १९७० सालीं ते दिवंगत झाले.

त्यांच्यामागें अनेक नांवें बदललीं. शेंगा येणाऱ्या झाडांचें शिंबावंत कुलच पाहा. बोरिवलीच्या वनांतील पळस, बहावा व खैर हीं तिन्ही झाडें याच कुलांतील. सांतापाव यांच्या काळीं फुलांच्या ठेवणीवरून या कुलाचे तीन भाग मानीत. टाकळा व बहावा एकाच कॅसिया प्रजातींत गणले जात. परंतु बहाव्याच्या फुलांतील तीन लांब, वळणदार केसर टाकळ्यास नसतात. अशा भेदांवरून १९८२ सालीं टाकळा सेन्ना प्रजातींत गेला. गुलमोहोर व आपटा एका भागांत, तर बाभूळ दुसऱ्या भागांत, असें पूर्वीं मानीत. पुढें आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली, तेव्हां गुलमोहोर हा आपट्यापेक्षां बाभळीचाच जवळचा आप्त ठरला. २०१७ सालीं अनेक देशांतील शास्त्रज्ञांनीं या कुलाचे सहा भाग केले.

मग सांतापाव यांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळींच नाहीं. कोणतें रोप, कोठें व कोणत्या दिवशीं घेतलें, हें वाळलेल्या रोपाजवळ प्रामाणिकपणें लिहून ठेवलेलें असतें. नांव बदलणारासही प्रथम त्याच कागदाकडे यावें लागतें. निळीच्या प्रजातींतील एका महाराष्ट्रीय वनस्पतीस पुढें सांतापाव यांचें नांव मिळालें. तीही शिंबावंत कुलांतीलच होय. आमच्या बालमित्रांनीं यंदाच्या पावसांत अंगणांतील टाकळ्याचें फूल एकवार निरखून पाहावें, आणि जें दिसेल तेवढेंच वहींत लिहावें.