पंडिता रमाबाई : उघडे दार

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. दुष्काळाने मातापित्यांचे छत्र हिरावले. पुढे विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने जवळ करतात, हे पाहून रमाबाईंचे मन प्रभू येशूकडे वळले. २९ सप्टेंबर रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा स्वीकारला.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढे ते पुण्यास हलले. हिंदू विधवांना तेथे आपले आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. तरीही काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागताच १८९३ साली गदारोळ उठला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी मात्र प्रार्थनेच्या खोलीचे दार लावून घेतले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या मध्य प्रांतात आल्या. नागपूर ही तेव्हा या प्रांताची राजधानी होती. येथील सुमारे ३०० निराधार मुली व विधवांना त्यांनी आसरा दिला. केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये पुढे गुजरातच्या दुष्काळग्रस्त, अंध, वृद्ध अशा साऱ्यांना घर मिळाले.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभुचरणी विलीन झाल्या. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च त्या दिवशी त्यांचे स्मरण करते.

आपल्या धर्मग्रामांतही मराठी, हिंदी, मल्याळी, तमिळ भाविक एकाच वेदीभोवती जमतात. मिस्सानंतर दाराशी एकट्या उभ्या असलेल्या नवख्या कुटुंबाची विचारपूस आपण करतो का?