विश्लेषण : दुष्काळ छावण्यांतील मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी काय केले?

पूर, दुष्काळ किंवा दंगलीनंतर बेघरांना छावणीत हलवले जाते. तिथे अन्न आणि निवारा मिळतो. पण एकट्या स्त्रीच्या, अनाथ मुलीच्या सुरक्षेचे काय? सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न लावून धरला होता.

दुष्काळाशी त्यांचा संबंध कसा आला?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला घरीच संस्कृतचे शिक्षण मिळाले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण दगावली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास यांनी उपाशीपोटी पायपीट केली आणि १८७८ मध्ये कोलकाता गाठले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता ही पदवी दिली. विवाहानंतर दोनच वर्षांत, १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले; पुढे ते पुण्यात आले.

छावण्यांत काय दिसले?

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. मदत छावण्या आणि सरकारी गरीबखान्यांत तरुण मुलींना कोणी वाली नव्हता. देखरेखीसाठी नेमलेलेच काही जण त्यांच्या असहायतेचा गैरफायदा घेत. मुलींना वाममार्गाला लावणारे दलालही तिथे घिरट्या घालत. रमाबाईंनी शेकडो मुलींना तेथून बाहेर काढले.

सरकारशी वाद का झाला?

त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. रुग्णालये आणि विलगीकरण छावण्यांत स्त्रिया सुरक्षित नाहीत, अशी तक्रार त्यांनी १८९७ मध्ये बॉम्बे गार्डियन या पत्रातून जाहीरपणे केली. मुंबई सरकारने ती फेटाळली. रमाबाई मात्र मागे हटल्या नाहीत.

केडगावला वेगळे काय होते?

प्लेगच्या निर्बंधांमुळे नव्या मुलींना पुण्यात ठेवता येईना. म्हणून दौंडजवळ केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय झाली आणि मुक्ती सदन उभे राहिले. तेथील कारभार स्त्रियांच्या हाती होता. लिहिण्या-वाचण्याबरोबर विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली जात. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे रमाबाईंवर धर्मांतराचे आरोप झाले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार समितीतून बाहेर पडले. हा वाद अखेरपर्यंत मिटला नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

छावणीत किती जणांना जेवण मिळाले, याची नोंद होते. रमाबाईंनी त्यापुढचे विचारले : रात्री पहारा कोणाचा, मुलीने तक्रार कोणाकडे करायची आणि छावणी उठल्यावर तिने जायचे कुठे? प्रत्येक आपत्तीत प्रशासनाला याची उत्तरे आधीच तयार ठेवावी लागतात.