नाडी की श्वास? : डॉ. रूपाबाई फर्दूनजी

अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये ऑपरेशन ठरले की नातेवाइकांची पहिली धावपळ असते ती ‘फिटनेस’साठी. भुलीचे डॉक्टर छाती तपासतात, तोंड उघडायला लावतात, दमा, बीपी, चालू गोळ्या, आधीची ऑपरेशने सारे विचारतात. या कामाला वेगळा डॉक्टर लागतो, हे आज कुणाला सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र भूल देणे हे पुष्कळदा हाताशी असेल त्याचे काम होते. त्या काळात ज्यांनी त्यालाच वाहून घेतले, त्यांत हैदराबादच्या एक पारशी बाई होत्या. डॉ. रूपाबाई फर्दूनजी. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, पण कागदोपत्री मुलूख निजामाचाच. त्यामुळे ही गोष्ट अगदीच परक्या गावची नाही.

१८८५ मध्ये हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत पहिल्यांदाच पाच मुलींना प्रवेश मिळाला. रूपाबाई त्यांपैकी एक. शाळेचे प्रमुख होते एडवर्ड लॉरी, क्लोरोफॉर्मचे कट्टर पुरस्कर्ते. क्लोरोफॉर्मने रुग्ण लवकर गुंगत, पण मधूनच एखादा टेबलावरच दगावे. का, यावर डॉक्टरांत दोन तट होते. लंडनकडचे म्हणत, हृदय बंद पडते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबराच्या परंपरेतले लॉरी म्हणत, आधी श्वास बिघडतो. छातीकडे पाहा, नाडीच्या नादी लागू नका. निकाल लावण्यासाठी हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या वेळी निजामाने एक हजार पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’तर्फे लंडनहून लॉडर ब्रंटन आले. कौल लॉरींच्या बाजूने गेला. या कामात रूपाबाईंचाही हात होता आणि १८८९ मध्येच त्यांना ‘हकीम’ ही पदवी मिळाली.

पुढे रेसिडेन्सी रुग्णालय, अफझलगंज, व्हिक्टोरिया जनाना अशा ठिकाणी त्या वर्षानुवर्षे भूल देत राहिल्या. पल्स ऑक्सिमीटर नाही, ईसीजी नाही. छातीची हालचाल, श्वासाचा आवाज, ओठांचा रंग, डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते की नाही, एवढ्यावर गुंगीची खोली ओळखायची. थोडे जास्त झाले तर श्वास थांबणार, कमी पडले तर रुग्ण धडपडणार. ऑपरेशन करणाऱ्याचे लक्ष जखमेकडे असते. रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहणारे डोळे यांचेच.

अनुभव एवढा असूनही १९०९ मध्ये त्या एडिंबराला गेल्या. भूलशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम तिथेही नव्हता, म्हणून त्यांनी भौतिक आणि रसायनशास्त्र निवडले. निवड नेमकी होती. हवेत क्लोरोफॉर्मची वाफ किती मिसळते, गरम हवेत ती किती वाढते, हे कळल्याशिवाय थेंबांचा हिशेब बसत नाही. आणि हैदराबादचा उन्हाळा म्हणजे काय, हे अकोलेकरांना समजावण्याची गरज नाही.

१९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की हलक्या गुंगीत, भीतीने किंवा अॅड्रिनॅलिनने, हृदयाचे ठोके अचानक विस्कटून ते थांबू शकते. म्हणजे लंडनकरांची नाडीची भीती अगदीच पोकळ नव्हती. लॉरींचे श्वासाबाबतचे म्हणणे बरोबर होते, नाडी सोडून द्या हे चूक. ज्या आयोगाच्या छायेत रूपाबाई घडल्या, त्याचा अर्धा निष्कर्ष त्यांच्या नोकरीच्या काळातच मोडीत निघाला. आजच्या मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची रेघ आणि ईसीजीची रेघ एकाखाली एक धावतात. त्या वादातले दोन्ही तट एकाच पडद्यावर.

१९२० मध्ये चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून रूपाबाई निवृत्त झाल्या.