लाल गोळीमागची लुसी

मैत्रिणींनो, लुसी विल्स हे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत केव्हाच जाऊन बसलंय. पण तिचं खरं काम झालं ते आपल्या मुंबईत, आपल्याच बायाबापड्यांसाठी!

लुसीचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडमधला. केंब्रिजला शिकली, पण मुलींना तेव्हा तिथे पूर्ण पदवी मिळत नसे. मग लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९२० साली ती डॉक्टर झाली.

१९२८ साली ती परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका तेव्हा पंडुरोगाने पांढऱ्याफटक पडायच्या, कितीतरी जणी दगावायच्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी आणि वाजवीपेक्षा मोठ्या असत. लुसीने आधी जंतुसंसर्ग आहे का ते तपासलं. मग तिने या बायकांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. भाजी-फळं ज्यांच्या वाट्याला येत नव्हती, त्या गरिबाघरच्या बायकांनाच हा आजार जास्त होता. उंदीर आणि माकडांवर प्रयोग करून तिने बायकांना यीस्टपासून बनवलेलं मार्माइट हे स्वस्त चाटण दिलं. बायका बऱ्या झाल्या! १९३१ साली तिने हे जगापुढे मांडलं.

त्यातला गुणकारी घटक कोणता, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. तेच फोलिक अ‍ॅसिड, ब गटातलं जीवनसत्त्व. लुसी १९६४ साली गेली. याच जीवनसत्त्वाने बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मदोष टळतात, हे १९९१ साली सिद्ध झालं.

सरकारी दवाखान्यात गरोदरपणी मिळणाऱ्या लाल गोळीत लोहासोबत हेच असतं. पण आमच्या रोहिणखेडला मी बघते, मळमळतं म्हणून कित्येकींची पाकिटं फडताळातच पडून राहतात. अगं, जेवणानंतर घे, चहासोबत नको, पण घे! मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे तर आपल्या घरचेच. भाजी उकडून पाणी मात्र फेकू नका, जीवनसत्त्व त्या पाण्यातच उतरतं.

आणि सासूबाईंनो, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं सुनेने खायचं, हा शिरस्ता आता मोडा. लुसीने परक्या बायकांची ताटं पाहिली, आपण आपल्या घरातलं एक ताट तरी पाहू या.